कोळशाचं घर पाहायला गेलो

कंपनीने आम्हाला कोळसा पाहायला नेलं, तेही एसी गाडीतून. आमच्या गावाला तोवर कोणी फुकटात रिसोडपर्यंतसुद्धा नेलं नव्हतं, म्हणून भल्या पहाटे अर्धं गाव नटूनथटून रस्त्यावर उभं. पुरुषांनी तर पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे कपडे घातलेले. कोळसा पाहायला पांढरे! काय म्हणावं या अकलेला.

प्रकरण असं होतं. वाशीमची रेल्वेलाइन आमच्या शिवारातून जाते. तिच्या कडेला कंपनीला कोळशाचं आवार करायचं होतं. मालगाडीतून कोळसा उतरवायचा, ढीग लावायचे, तिथून ट्रक भरायचे. त्यासाठी रुळालगतची वावरं पाहिजे होती आणि त्यातलं एक माझ्या सासूबाईंच्या नावावर होतं. आमच्या ह्यांना ते कधी एकदाचं देऊन टाकतो असं झालेलं. पण सही लागणार आईची, आणि आई म्हणे, "पाह्यल्याबिगर मी काई सांगत नाई." असं म्हणणारे आणखीही दोघे-चौघे निघाले, म्हणून कंपनीने वणीकडच्या खाणी दाखवायचा घाट घातला.

तिथे एक टाय लावलेला साहेब आम्हाला घ्यायला उभा होता. त्याने सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या घातल्या, की आमचे पुरुष लागले लगेच फोटो काढायला! एका कठड्यावरून खाण दाखवली. खाली एवढा मोठा खड्डा की त्यात आमचं गाव देवळासकट मावलं असतं. "बाप्पा बाप्पा, काय मशीन हाय!" म्हणून आमची माणसं कठड्यावर ओणवी. त्या खड्ड्याच्या जागी आधी कोणाचं वावर होतं, हे विचारायला एकाचीही जीभ उचलली नाही. मग वीज तयार होते तो कारखाना झाला, बाग झाली, बागेतली सिमेंटची हरणं झाली. साहेब म्हणाला, इथे धुळीचा कणसुद्धा दिसणार नाही. कसा दिसेल? पाण्याचा टँकर आमच्या गाडीच्या पुढेपुढे रस्ता भिजवत चालला होता आणि झाडांच्या पानांवरून अजून पाणी गळत होतं. आमच्यासाठी झाडांनाही आंघोळ घातली होती बिचाऱ्यांनी.

जेवायला पनीर आणि गुलाबजाम. आमचे हे तर असे तुटून पडले, जणू घरी मी उपाशीच ठेवते.

आमच्याकडे पोरगी द्यायच्या आधी घर पाहायला जातात. पुरुष बैठकीत बसून चहा पितात नि पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. बाया मात्र पाणी प्यायच्या निमित्ताने आत शिरतात, मागच्या दारी जातात, मोरी पाहतात, माठ पाहतात, दोरीवरचे कपडे पाहतात. सोयरिकीचा निकाल तिथे लागतो. कंपनीने बैठक चकाचक केली होती, पण मागचं दार तिच्या लक्षातच आलं नाही. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी जेवणावरून उठून गेस्ट हाऊसच्या मागे गेलो. रस्ता ओलांडला की गाव होतं.

भर उन्हाळ्याचे दिवस. आमच्याकडे तेव्हा गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, कुरड्या, पापड, सरगुंडे नुसते पसरलेले असतात. इथे मात्र एका छपरावर, एका अंगणात वाळवण नाही. दारात उभ्या असलेल्या एका बाईला सासूबाईंनी सरळ विचारलं, "काहून वो बाई, तुमच्या गावात कुरड्या नाई करत का?"

बाई हसली आणि आम्हाला आत घेऊन गेली. खिडक्या बंद, फटींत ओली फडकी कोंबलेली. बाजेवर लुगडं अंथरून त्यावर कुरड्या आणि वर पंखा गरगरत होता.

"आतच वाळवतो मावशी. भायेर टाकल्या का काळ्या पडतात."

सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. आंबूस वास मलाही येत होता.

"लेकीच्या घरी देतं का ह्या?"

बाईची मान खाली गेली. "ह्या कशा देऊ? लेकीले इकतच्या आणून देतो."

सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत थोडा वेळ बसल्या. मग पाणी पिऊन आम्ही परत आलो.

गाडीपाशी साहेब गोड आवाजात म्हणाला, "मग आजी, कसं वाटलं?"

"जेवण चांगलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "वावर देत नाई."

गाडीत ह्यांचा पारा चढला. "अवं, चार कुरड्या पाहून वावर अडवते का कोणी? येडी झाली का तू, आई?"

"तुमी नाई का चार गुलाबजाम खाऊन देऊन राह्यले?" मी म्हटलं. सगळी गाडी खो खो हसली. मानोरा येईपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत.

हसली सगळी, पण पुढच्या आठवड्यात ओळीने सह्या करून मोकळी झाली. दोन्ही अंगांची वावरं गेली, आवार झालं, आणि मध्ये आमचं तेवढं राहिलं. कंपनीवर माझा तितका राग नाही. जो राग आहे तो या पिवळ्या टोपीतल्या शहाण्यांवर, ज्यांनी बायकांना काय कळतं म्हणून आम्हाला उडवून लावलं.

यंदा तूर फुलावर आली आणि फुलं करडी दिसायला लागली. शेंग धरेना. एका दुपारी हे वावरातून आले, सदरा झटकला, तोंड धुतलं तर पाणी काळं निघालं. सासूबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले. हळूच म्हणाले, "आई, तुझंच खरं होतं."

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"मंग आता त्याचं काय लोणचं घालू?"