केकवहिनींच्या हातची चव

वहिनींना केक करता येत नव्हता. अख्ख्या इमारतीत एवढी एकच गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती.

बाकी सगळं सगळ्यांना माहीत होतं. वहिनींचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, नवरा गॅरेजात मेकॅनिक, लेक दवाखान्यात नर्स. कोणाचा वाढदिवस असो, कोणाला नोकरी लागो, कोणी निवृत्त होवो, वहिनींच्या दारावर थाप पडायचीच. केक, बिस्किटं, खोबऱ्याच्या वड्या. त्यांचं बिस्किट दातांना कळायच्या आत जिभेवर विरघळायचं. लोक त्यांना केकवहिनीच म्हणत.

आणि हे सगळं करायचे त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री लग्नाआधी एका बेकरीत कामाला होते. ती बेकरी बंद पडली आणि ते गॅरेजात शिरले. हात ग्रीसमध्ये गेले, पण जीव मैद्यातच राहिला. खोटं सुरू झालं ते मात्र चांगुलपणातून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू असायचा. "हिच्या हाताला चव नाही. ही पाणी उकळायला ठेवेल आणि तेही करपवेल." एकदा पाहुणे यायचे होते, सासूबाई बाजारात गेल्या होत्या, तेवढ्यात मिस्त्रींनी केक करून ठेवला. सासूबाई परत आल्या, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि विचारलं, "कोणी केला?"

"हिने," मिस्त्री म्हणाले.

सासूबाईंनी दुसरा तुकडा उचलला. वहिनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडल्या. त्या दिवसापासून त्यांना घरात माणसात धरलं जाऊ लागलं.

पुढे सासूबाई गेल्या, खोटं तेवढं मागे राहिलं. मिस्त्रींनाही ते सोयीचंच होतं. गॅरेजातल्या मंडळींना कळलं असतं तर त्यांनी यांना जगू दिलं नसतं. सुट्टीच्या दिवशी मिस्त्री स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे, लिंबू आणि साबण लावून हात कोपरापर्यंत घासायचे आणि कामाला लागायचे. वहिनी भांडी घासायच्या, डबे भरायच्या आणि दारात उभ्या राहून शाबासकी घ्यायच्या.

शाबासकीची सवय वाईट. सुरुवातीला वहिनी नुसत्या हसायच्या. मग "अहो, काय एवढं त्यात" म्हणू लागल्या. मग कोणीतरी विचारलं, "मिस्त्री काही मदत करतात की नाही?" तेव्हा वहिनी टाळी देत म्हणाल्या, "कुठली मदत! ह्यांना मीठ कुठलं आणि साखर कुठली तेसुद्धा कळत नाही." सगळे हसले. मिस्त्रीही हसले. विनोद चालला म्हणताना वहिनींनी तो पुन्हा केला, मग पुन्हा. लेकीने एकदा विचारलं होतं, "आई, बाबांसमोर असं कसं म्हणवतं तुला?" वहिनींनी तिला गप्प केलं. "गंमत असते गं. त्यांना कुठे वाईट वाटतं!"

गेल्या वर्षी गॅरेजात गाडीचा गिअरबॉक्स उतरवताना तो मिस्त्रींच्या उजव्या मनगटावर पडला. हाड मोडलं, प्लास्टर चढलं. आणि नेमकी त्याच वेळी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई दारात उभ्या राहिल्या. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांना वहिनींचा केक बघायचा होता, करताना, सगळ्यांसमोर.

"यांचा हात असा, मी कुठे येऊ?" वहिनी म्हणाल्या.

"हात त्यांचा मोडलाय, तुमचा नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आता भाव खाऊ नका, वहिनी."

वहिनींना हो म्हणावं लागलं.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी खुर्चीत बसून बायकोला शिकवायला घेतलं. "आधी बलक वेगळे कर. पांढरा भाग एवढा फेट की भांडं उलटं केलं तरी पडता कामा नये. मैदा घातलास की मात्र हात हलका ठेव. ढवळायचं नाही, नुसतं वरखाली करायचं." वहिनींनी हे इतकी वर्षं दर सुट्टीला पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि हाताला कळणं वेगळं. पहिला केक मधोमध खाली बसला. दुसरा कसाबसा उभा राहिला. "जमेल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने सगळं सामान मोजून छोट्या डब्यांत भरलं आणि ज्या क्रमाने लागेल त्याच क्रमाने पिशवीत लावून दिलं.

हॉल भरला होता. मिस्त्री अगदी मागे, भिंतीला टेकून, गळ्यातल्या झोळीत हात घेऊन बसले. लेक त्यांच्या शेजारी. वहिनींनी टेबलावर डबे मांडले, पण मांडताना क्रम विस्कटला. अंडी फुटली, फेस आला, बायका माना डोलावू लागल्या. वहिनींना धीर आला, तशी जीभही सुटली. बोलता बोलता त्यांनी मैदा घातला आणि ढवळायला सुरुवात केली.

मागून मिस्त्री हात हलवू लागले. प्लास्टर उचलून ते टेबलावरच्या एका डब्याकडे बोट दाखवत होते. पुढच्या रांगेतल्या एकीने मागे वळून पाहिलं आणि हसली. वहिनींनी ते पाहिलं. नवरा मागून शिकवतोय हे कोणाच्या ध्यानात आलं तर? त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा वर पाहिलंच नाही.

ओव्हनमधून बाहेर आला तो केक नव्हता, चपलेचा तळ होता.

बायका पुढे वाकून बघू लागल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं. "वहिनी, यावर घर बांधायचंय का?"

वहिनींचे कान तापले. आणि तोंडातून जे आलं ते विचार करून आलं नव्हतं. "ह्यांचा प्रताप, दुसरं काय! बेकिंग पावडर आणायला ह्यांना पाठवलं, तर जुनीपुराणी उचलून आणली. सांगितलं ना, ह्यांना त्यातलं काही कळत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या.

मिस्त्री उठून उभे राहिले. "हो," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तारीख बघायची राहिली."

हॉल हसला. "असू द्या, मिस्त्री! गाडीचा पार्ट असता तर बरोबर आणला असता!" मिस्त्रीही हसले आणि खाली बसले. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. लेक उठून निघून गेली होती.

घरी जाताना पिशवी मिस्त्रींनीच डाव्या हातात घेतली. चालता चालता ते म्हणाले, "पावडर घालायची राहिली तुझी. मी मागून खुणा करत होतो."

वहिनींनी पिशवीत हात घातला. पावडरीचा डबा हाताला लागला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. रस्ता पुढे होता म्हणून त्या चालत राहिल्या. नाहीतर कुठे बघायचं हे त्यांना कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा समोर ठेवून वहिनी म्हणाल्या, "मी सगळ्यांना खरं सांगून टाकते."

"कशाला आता?"

"तुम्हाला राग नाही आला?"

मिस्त्रींनी कप फिरवला. "राग नाही. लाज वाटली. एवढ्या लोकांसमोर खोटं बोललो आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही. एवढं अंगवळणी पडलंय." कप खाली ठेवून ते म्हणाले, "आणि विचारतेच आहेस म्हणून सांगतो. ते मीठसाखरेचं तू म्हणायचीस ना, तेव्हा मी हसायचो. दर वेळी ते हसू ओढून आणावं लागायचं."

वहिनींना वाटलं होतं, ते रागावतील, मग आपण रडू आणि मिटेल. हे तसं मिटणारं नव्हतं.

त्या तडक अध्यक्षीणबाईंकडे गेल्या. "केक मी करत नाही. कधीच केला नाही. सगळं हे करतात."

अध्यक्षीणबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "काल सगळे हसले म्हणून मिस्त्री खट्टू झाले असतील, नाही का? म्हणून आपलं श्रेय त्यांना देताय. काय बाई तुमचं मन!"

"अहो, खरंच सांगतेय."

"कळतं हो मला."

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. नवऱ्यासाठी स्वतःचं नाव सोडायला निघालेली बाई म्हणून वहिनींचं पुन्हा कौतुक झालं. जिन्यात भेटेल ती पाठीवर हात ठेवायची. प्रत्येक हाताबरोबर वहिनी आणखी लहान होत होत्या.

मग त्यांनी एक केलं. मिस्त्री डॉक्टरकडे गेलेले असताना, कोणाला न विचारता, एकटीने केक केला. तो खालून करपला आणि मध्ये कच्चा राहिला. तसाच कापला, ताटात घातला आणि घरोघर नेला. "हा मी केलाय. खाऊन बघा."

बायकांनी भिडेखातर चावला, पाणी मागितलं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या आजी मात्र भीड ठेवणाऱ्या नव्हत्या. घास रुमालात काढून त्यांनी विचारलं, "कोणी केला गं हा?"

"मी."

"आणि आजवर खाल्ले ते?"

"ह्यांनी."

आजींनी रुमालाची घडी घातली. "हां. आता पटलं."

मग मात्र सगळ्यांनाच पटलं, आणि ते काही सोपं गेलं नाही. अध्यक्षीणबाई बरेच दिवस बोलल्या नाहीत. "आम्हाला वेड्यात काढलं इतकी वर्षं," असं त्या इतरांजवळ म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. गॅरेजात मिस्त्रींची मनसोक्त टिंगल झाली. नंतर मालकाने मुलीच्या लग्नाचा केक त्यांनाच सांगितला आणि टिंगल करणारेच पहिले ताट घेऊन उभे राहिले. लेक घरी आली तेव्हा आईशी नेहमीसारखी बोलली, पण त्या दिवसाबद्दल अजून बोललेली नाही.

आता स्वयंपाकघराचं दार लोटलेलं नसतं. अंडी वहिनी फेटतात, तेवढं त्यांना जमायला लागलंय.

मध्यंतरी वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. बिस्किटाचा तुकडा तोंडात जाताच त्या घरातली सून म्हणाली, "वहिनी, काय हात आहे हो तुमचा!"

वहिनींनी तोंड उघडलं, पण उत्तर बाहेर यायला क्षणभर वेळ लागला. फक्त क्षणभर. समोरचीच्या ते लक्षातही आलं नाही, वहिनींच्या मात्र आलं.

"माझा नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांचा." आणि आपला लाल झालेला चेहरा कोणी बघू नये म्हणून मिस्त्रींना हाक मारायला आत गेल्या.