आत्याच्या घरी ब्राउझर

खुब्याच्या ऑपरेशननंतर आत्या खोडदच्या घरात पडून होती. भेटायला गेलं की एकच विचारायची, "तुज्याकडं आमच्या पोरीच्या लग्नाची शूटिंग हाय न्हवं? त्यात आमचं मालक बोलत्यात का रं कुठं?" आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, पण आवाज कुठंच नव्हता.

शूटिंग माझ्याकडे होती. घरच्या सगळ्या जुन्या कॅसेटी मी जुन्नरला एका कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. तो इंटरनेटला असा जोडला होता, की कुठूनही ब्राउझर उघडावा, पासवर्ड टाकावा आणि हवं ते बघावं. नातेवाइकांत मी याची बरीच फुशारकी मारली होती. "पेनड्राइव्हवर घालून न्या की," बायको म्हणाली, तर मला ते कमीपणाचं वाटलं.

जेवणं झाल्यावर आत्याच्या कॉटशेजारी स्टुलावर लॅपटॉप मांडला. आतेभावानं तिला पाठीशी उशा लावून बसवलं. मी लग्न लावलं. मांडवाची कमान दिसली, सनई सुरू झाली आणि सगळं थांबलं. पडद्याच्या मधोमध गोल चाक फिरायला लागलं. थोडं पुढे सरकलं, परत चाक.

"ह्या तबकड्यांमुळं व्हतंय," आतेभाऊ म्हणाला. शेतांपलीकडे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीचे तबकडीसारखे अँटेना उभे आहेत. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तरी तो बोट त्यांच्याकडेच दाखवतो.

"अरे, आत्ताच तू फोनवर कुस्ती बघत होतास ना?"

"कुस्ती येगळी."

मी घरी फोन लावला. "कॉम्प्युटर चालू आहे का बघ गं."

"चालू? पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतोय पंखा. पेटायचा नाही ना हो?"

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. आत्या दचकली.

माझ्या डोक्यात आता प्रकाश पडला. फाइल जुन्या पद्धतीची होती. ब्राउझरला ती तशीच्या तशी चालवता येत नव्हती, म्हणून घरचा कॉम्प्युटर ती बदलून बदलून पाठवत होता, आणि तेवढा दम त्याच्यात राहिला नव्हता. व्हिडिओ पुढे ढकलला की त्याची सगळी खटपट नव्यानं सुरू. चित्राचा दर्जा कमी करून पाहिला. चाक थांबलं, पण माणसं अशी झाली की आत्यानं विहिणीकडे बोट दाखवून विचारलं, "ही मीच का?"

"राहू दे रं," ती म्हणाली. "न्हाई दिसत तर न्हाई." तिनं चष्मा काढला. आता मला माघार घेणं शक्य नव्हतं.

ब्राउझरचा नाद सोडला आणि लॅपटॉपवर जुन्या फाइली न बदलता चालवणारा वेगळा प्लेअर उतरवून घेतला. घरच्या कॉम्प्युटरवरून फाइलची लिंक काढून त्याच्यात चिकटवली. पासवर्ड चुकीचा म्हणाला. परत टाकला, परत चुकीचा. कॅप्स लॉक चालू होतं. मी तोंडातल्या तोंडात जे बोललो ते आत्याला ऐकू गेलं असावं, कारण ती पहिल्यांदाच हसली. मग लग्न धडाक्यात सुरू झालं, जसंच्या तसं, न अडखळता. इतक्यात बायकोचा फोन आला. "अहो, पंखा गप्प झाला. बंद पडला वाटतं."

"नाही गं, आता कुठं नीट चाललंय!"

अक्षता, हार, आहेर, सगळं पुढे ढकलत आम्ही पंगतीपाशी आलो. आतोबा बुंदीचं पातेलं घेऊन वाढत येत होते. आत्या कुजबुजली, "त्या दिशी आमचं बोलणं बंद व्हतं. मानपानावरनं लई भांडलो व्हतो." आतोबा कॅमेऱ्याजवळून गेले, थांबले आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणाले, "हिनं काय खाल्लं का बघा जरा. सकाळधरनं उपाशी हाय." एवढंच. पुढे गेले.

आत्या पदर तोंडाशी धरून बसली. आतेभाऊ भिंतीकडे बघत राहिला.

"त्या बाईनं मला बळंच जेवायला बसवलं व्हतं," आत्या म्हणाली. "मला वाटलं, तीच चांगली." आणि मग, "परत लाव."

मी नेमका प्लेअर बंद करून बसलो होतो. कुठवर पाहिलं हे ब्राउझरच्या लक्षात राहतं, पण त्याला चालवता येत नाही. ह्याला चालवता येतं, तर ह्याच्या लक्षात राहत नाही. पुन्हा मांडवाची कमान, पुन्हा सनई. कपाळावर हात मारून मी पंगत शोधायला लागलो. चहा घेऊन आलेला आतेभाऊ मागून सांगत होता, "अजून म्होरं. अजून. अरं, लई म्होरं गेलास."

संध्याकाळी मी निघालो तेव्हा लॅपटॉप खोडदलाच राहिला. आत्यानं तो उचलूच दिला नाही.