तीन घरांचा एक मासा

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्या हिचे हे मामा क्रांती चौकाच्या मागच्या एका गल्लीत राहतात. नळाला पाणी येतं त्या दिवशी अख्खी गल्ली बादल्या घेऊन पळत असते, आणि मामा ओट्यावर बसून खोल समुद्रातल्या माशांचा विचार करत असतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. एकदा मी कोकणात नेतो म्हणालो, तर म्हणाले, "वरचं पाणी बघून काय करू, जावईबापू? आपलं काम लई खाली."

मामा धंद्यानं पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर प्राण्यांची चित्रं काढायचे. तरुणपणी एका प्राध्यापकांनी त्यांच्यापुढं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि त्यातले खोल समुद्रातले मासे भिंतीवर उतरवायला सांगितलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मामांनी ते काम केलं आणि तिथंच त्यांना वेड लागलं. त्या पुस्तकात या माशांची तीन कुळं दिली होती. पहिल्यातल्यांचा जबडा प्रचंड, डोळे मोहरीएवढे, पोटाकडचे पर नाहीत. दुसऱ्यातले बोटभर, नाक हे एवढं आणि जबडा बिनकामाचा. तिसऱ्यातले त्याहून चिमुकले, शेपटीला लांबलचक फीत. पुढं कुठल्याही शाळेनं साधा बेडूक काढायला सांगितला, तरी मामा कोपऱ्यात ही तीन कुळं, पुस्तकातल्या माहितीसकट, फुकट काढून द्यायचे. अशा अकरा भिंती झाल्या.

घरात कांदा-लसूणसुद्धा बेतानंच, पण मासळीबाजारात मामांची फेरी चुकायची नाही. मासा हातात घ्यायचा, पर उलगडायचे, काटे मोजायचे आणि परत ठेवायचा. तिथला एक चाचा वैतागून विचारायचा, "मामू, लेना है के गिनना है?" मामा शांतपणे म्हणायचे, "गिनना है." माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. आमच्या साखरपुड्यात त्यांनी मला बाजूनं, मग समोरून न्याहाळलं आणि भरल्या मांडवात निकाल दिला, "पोरगा दुसऱ्या कुळातला हाय. नाक मोठं, जबडा बिनकामाचा. पोरीला उलटून बोलायचा नाय." सासूबाईंना तेवढ्यावर स्थळ पसंत पडलं. मामांचं निदान आजवर चुकलेलं नाही, हे मी कबूल करतो.

चुकले ते एकदाच, आणि तेही पुस्तकामुळं. एका कॉलेजात पाटी रंगवायला गेले असताना त्यांनी ग्रंथालयातलं नवं पुस्तक उघडलं, तर त्यात दुसरं आणि तिसरं कूळ नव्हतंच. आधी ते ग्रंथपालावरच डाफरले, "कुणीतरी पानं फाडलीत की हो!" पानं शाबूत होती. शास्त्रज्ञांनीच नव्यानं शोधून काढलं होतं, की मोठ्या जबड्याच्या सगळ्या माद्या, मोठ्या नाकाचे सगळे नर आणि फीतवाली त्यांची पिल्लं. तीन कुळं नव्हेतच, आई-बाप-लेकरांचं एकच घर. मामा दोन दिवस जेवले नाहीत. "माझ्या हातानं अकरा भिंतींवर खोटं लिहिलंय," एवढंच म्हणत राहिले.

मग डबा आणि ब्रश घेऊन दुरुस्तीला निघाले. तिन्ही चित्रांना कवेत घेणारी एक बारीक रेघ ओढायची आणि खाली एकच नाव लिहायचं. मुख्याध्यापक हसायचे. "मामा, कोण वाचतंय हो ते?" हाच प्रश्न सगळीकडं. मामा दर वेळी थोडे खचून परत यायचे. दहा भिंती झाल्या तोवर बरीच वर्षं गेली, हात थरथरू लागला, आणि मामा तो कायम खिशात ठेवू लागले. उरली सोयगावची भिंत.

तिथं मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. प्रयोगशाळेत विज्ञानाच्या बाई होत्या, त्याच शाळेत शिकलेल्या. मामांनी ब्रश टेकवला आणि रेघ नागमोडी गेली. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मी हात पुढं केला तर खेकसले, "नाय! ज्याला मासा ठाऊक नाय त्यानं ब्रशला शिवू नाय." मग भिंतीकडं तोंड करून नुसतेच उभे राहिले. त्यांची पाठ मला बघवेना.

मागून बाई म्हणाल्या, "काका, नववीत असताना म्या ह्या चित्रावरून बोलणी खाल्ली. तुम्ही इथं लिहिलंय, 'नर आढळत नाहीत', अन् त्या शेजारच्याखाली 'मादी आढळत नाही'. मंग म्या सरांना इचारलं, ह्या घरात निस्त्या बाया, त्या घरात निस्ते बाप्ये, तर ह्यांची सोयरीक एकमेकांतच होत असंल का? सर म्हणले, खाली बस."

मामा सावकाश वळले. "पोटाकडचे पर हायेत का मोठीला?"

"नायेत."

"मोजलेत?"

"मोजायला असायला तर पायजेत, काका."

मामांनी ब्रश त्यांच्या हातात दिला. बाईंनी एका दमात रेघ ओढली, मोठ्या जबड्यापासून मोठ्या नाकापर्यंत, आणि तिथून फीतवाल्या पिल्लाला आत घेऊन परत. नाव मामांनी सांगितलं, बाईंनी लिहिलं. निघताना ब्रश परत मागायचं मामा विसरले, आणि मीही आठवण केली नाही.

परतताना सिल्लोडला थांबलो. चहा घेता घेता मामा एकदम म्हणाले, "नववीतल्या पोरीला जे दिसलं, ते मला दिसलं नाय बघा. म्याच लिहिलेलं व्हतं." मग म्हणाले, "पर वाचत व्हतं कुणीतरी." डोळे भरले होते, तरी हसत होते. कप दोन्ही हातांनी धरला होता आणि चहा हिंदकळून बशीत सांडत होता. तो हात आज त्यांनी खिशात घातला नव्हता.