चक्कीकडची गल्ली

आमच्या कामात बोलायचं नसतं, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी दरडावून सांगते. आपण लॅबमधल्या तंत्रज्ञ. पेशंटच्या गाठीचा तुकडा कापायचा, रंगवायचा, काच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची आणि तोंड मिटून घ्यायचं. हा नियम मी कधी मोडला नाही. काकूंच्या वेळीही नाही, आणि तरी त्यांच्यासमोर मान वर करायची मला लाज वाटते.

सोनागिरी कॉलनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच काकूंचं घर आहे. मूळच्या नागपूरच्या, काका कारखान्यातून रिटायर झालेले. मी स्कूटीवरून येता-जाता त्या फाटकात उभ्या असतात आणि कोथिंबिरीचं सारण भरून पुडाची वडी केली असली की डबा माझ्या हातात कोंबतात. छातीत गाठ लागली तेव्हा त्यांनी काकांच्याही आधी मला सांगितलं. मीच त्यांना आमच्या हॉस्पिटलात नेलं, आणि गाठीचा तुकडा बरणीतून लॅबमध्ये आला तेव्हा बरणीवर नंबरही मीच चिकटवला.

तुकड्यात चरबी फार होती, आणि चरबी म्हणजे आमची दुश्मन. तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढून त्या जागी मेण भरायचं असतं, तरच तो पातळ कापता येतो. चरबीत अल्कोहोल नीट शिरत नाही, मग मेणही शिरत नाही. मेणाचा ब्लॉक बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून मऊ राहतो. तसंच झालं. मशीनवर काप निघाला, पण कोमट पाण्यावर सोडल्याबरोबर त्याला मधोमध भोक पडलं. मे महिना, कूलर नुसता गरम हवा फेकत होता. ब्लॉक बर्फावर पालथा घालून पाहिला, पातं बदललं, मशीनला शिव्या घातल्या. शेवटी हट्ट सोडला, मेण वितळवून तुकडा उलट्या वाटेने परत अल्कोहोलपर्यंत नेला आणि जास्त वेळ देऊन सगळं पहिल्यापासून केलं. काकूंचा तुकडा माझ्या हातून वाया जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी काप असा निघाला की काय सांगू. घडी नाही, ओरखडा नाही. रंग नीट बसला की नाही हे बघायला काच आधी आम्हीच मायक्रोस्कोपखाली धरतो. पेशींची केंद्रं निळी, बाकी सगळं गुलाबी, डाग कुठे नाही. मी हरखून गेले. शेजारच्या मुलीला हाक मारली, "इकडे ये, बघ चरबीचा काप कसा काढतात ते." ती वाकून म्हणाली, "वाह मॅडम, क्या स्टेन आया है!" मी फुशारले. मग काच जरा सरकवली, आणि रंग बघता बघता पेशी दिसल्या. वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या, नको तितक्या निळ्या. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं काचा पाहून डोळ्यांना कळतंच. आणि याच काचेची मी आत्ता शेखी मिरवली होती. त्या मुलीकडे मला बघवेना.

संध्याकाळी गल्लीपाशी आले तर लांबूनच काकू फाटकात दिसल्या. आता विचारणार, काय दिसलं गं? मी नियम सांगितला असता, पण माझा चेहरा मला ठाऊक आहे, त्यावर काही लपत नाही. मी स्कूटी वळवली आणि पिठाच्या चक्कीकडच्या गल्लीने, खड्डे आणि कुत्री चुकवत, मागच्या दाराने घरी आले. डॉक्टरांना आणखी एक रंग करून खात्री करायची होती, त्यामुळे रिपोर्ट लांबला. तोवर माझा रस्ता रोज चक्कीवरूनच. वर स्वतःला शाबासकीही देत होते, की बघ, एक शब्द बोलली नाहीस.

रिपोर्ट काकांच्या हातात पडला त्या संध्याकाळी मात्र मी काकूंकडे गेले. आतल्या खोलीत काका मुलाशी फोनवर बोलत होते. काकूंनी चहा ठेवला. मी वाटेत घोकलेलं वाक्य म्हटलं, "काकू, मला आत्ताच कळलं हो."

त्यांनी गॅस बारीक केला. "आत्ता?"

मी मान हलवली. हो म्हणून.

"मला तर त्याच दिवशी समजलं," काकू म्हणाल्या. "डबा घेऊन फाटकात उभी होती मी. तू मला पाहिलं, अन् गाडी चक्कीकडे वळवली. मी समजून गेली."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मी नियमाचं, डॉक्टरांचं, खात्रीचं काहीतरी पुटपुटायला लागले. त्यांनी हातानेच थांबवलं.

"नियम असेल ना, बाई. मी कुठं म्हणते सांगायचं होतं." कप माझ्यापुढे सरकवून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यांना काहीच नाही बोलली मी. इतके दिवस एकटीच घेऊन बसली होती. रोज वाटे, आज तरी तू येशील."