दामलेसाहेबांच्या रिकाम्या खोल्या

इतर लोक पाहुण्यांना राणीचा राजवाडा दाखवायला नेतात, दामलेसाहेब कार पार्क दाखवायला न्यायचे. लेस्टरच्या आसपास एखादं नवं मराठी कुटुंब राहायला आलं, की येत्या रविवारी त्यांची तपकिरी गाडी दारात उभी. पुढच्या सीटवर त्यांची बायको मांडीवर बटाटेवड्यांचा डबा घेऊन मुकाट बसलेली. मागे पाहुणे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्हीही असेच मागे बसलो. माझा नवरा हॉस्पिटलात नवा डॉक्टर, मी नवी नवरी, बाहेर रिमझिम, आणि दामलेसाहेब काच खाली करून बोट दाखवताहेत, "ही आपली इंजिनिअरिंगची साइट. ते पलीकडचं मैदान दिसतंय? तेही आपण घेणार."

हे "आपण" म्हणजे आमच्या गावचं पॉलिटेक्निक. तेव्हाच्या इंग्लंडात पॉलिटेक्निक म्हणजे युनिव्हर्सिटीचं सावत्र भावंड. शिकवायचं तेच, मान मात्र निम्मा. दामलेसाहेब तिथे इमारतींच्या खात्यात मधल्या फळीतले अधिकारी होते. त्यांच्या बोलण्यावरून वाटे, की संस्थेची स्थापना यांच्याच मुंजीत झाली असावी. "जमीन आहे तिथे विद्या येते, शालिनीबाई. विद्येमागून जमीन येत नाही," असं त्यांनी वडा चावत सांगितलं. मला ते उपनिषदातलं वाटलं. घरी येऊन मी ते डायरीत उतरवलं. हो, मी डायरी लिहायची. पंचवीस वर्षांची गाढवं लिहितात.

दोन वर्षांनी मी त्यांच्याच हाताखाली टायपिस्ट म्हणून लागले. त्यांच्या खोलीत जिल्ह्याचा नकाशा होता आणि प्रत्येक कॅम्पसवर लाल टाचणी. सहा टाचण्या होत्या. सकाळी कोट काढायच्या आधी ते टाचण्या बोटाने दाबून बघत, रात्रीत कोणी उपटून नेली नाही ना. ग्रंथालयात पुस्तकं किती, शिकवणारे कसे, मुलं पास होतात की नाही, यातलं काही त्यांना विचारू नये. "तो अकॅडमिक विषय झाला," असं म्हणत ते, आणि "अकॅडमिक" हा शब्द असा उच्चारत की जणू शेजाऱ्यांच्या घरातली भानगड.

सहापैकी एक टाचणी त्यांना खुपत होती. टेकडीवरचं जुनं अध्यापक महाविद्यालय पॉलिटेक्निकने गिळलं होतं, पण पचलं नव्हतं. लहान इमारत, गळकं छप्पर, कार पार्क तर जवळजवळ नाहीच. याच टेकडीच्या पायथ्याशी आमच्या नलूवहिनी राहायच्या. सोलापूरच्या बी.ए., वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. अडतिसाव्या वर्षी बाईने टेकडीवरच्या शिक्षक होण्याच्या कोर्सला नाव घातलं. सकाळी सात मिनिटं चढून वर्गात, दुपारी उतरून सासूला भरवायचं, पुन्हा वर. कॅम्पस हलला असता, तर मुख्य शहरापर्यंत दोन बस आणि दीड तास. म्हणजे कोर्स संपलाच.

"काहीबाही ऐकू येतंय गं शालू," एकदा त्या म्हणाल्या. "टेकडी बंद नाही ना करणार?"

"छे हो वहिनी! मी आहे ना तिथे," मी म्हणाले. काय ती ऐट! मी होते टायपिस्ट. माझ्या परवानगीशिवाय तिथे फक्त पत्रं टाइप होत नव्हती.

त्या वर्षी दामलेसाहेबांनी खोल्यांचा सर्व्हे काढला. दर तासाला प्रत्येक खोलीत डोकावायचं, आत किती डोकी आहेत ते कागदावर लिहायचं. टेकडीसाठी मला पाठवलं, आणि आठवडाही त्यांनीच निवडला. तो आठवडा पाहून मी चाचरत म्हणाले, "साहेब, तेव्हा वर्गात कोणी नसतं. सगळ्या विद्यार्थिनी सरावासाठी गावातल्या शाळांत शिकवायला जातात."

साहेबांनी चष्मा पुसला. "ते खोलीला माहीत नसतं, शालिनीबाई. रिकामी ती रिकामी."

आणि मी काय केलं? हसले. केवढा हजरजबाबी माणूस, असं मनात म्हणाले. शिवाय त्यांनी मला स्वतंत्र केबिनची बढती कबूल केली होती. पाच दिवस मी त्या टेकडीवर बुटांचा आवाज करत हिंडले आणि सुवाच्य अक्षरात शून्यं काढली. शून्यं सुबक यावीत म्हणून नवं पेन घेतलं होतं.

कमिटीपुढे माझे कागद ठेवले गेले. टेकडी विकली, तिथे घरं उठली. मला केबिन मिळालं. नलूवहिनींनी एक हिवाळा दोन बस करून पाहिल्या, मग सासू पलंगावरून पडली आणि कोर्स सुटला. जिथे सरावासाठी फळ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या, त्याच शाळेत पुढे वीस वर्षं त्यांनी मुलांच्या ताटात उकडलेले बटाटे वाढले.

ब्याण्णव साली पॉलिटेक्निकची युनिव्हर्सिटी झाली. दामलेसाहेबांनी बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी मिठाईच्या दुकानातून पेढे आणून अख्ख्या ऑफिसात मुलगा झाल्यासारखे वाटले. गोऱ्यांनी भीत भीत खाल्ले. साहेब दारावरच्या नव्या पाटीपुढे उभे राहून म्हणाले, "बघा, वाढलो की नाही आपण?" टेकडीचं नाव त्यांना आठवलं नाही. आठवलं असतं तरी फार काही बिघडलं नसतं. त्या मेंदूतही कार पार्कच होता.

गेल्या महिन्यात ते गेले, नव्वदीच्या घरात. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असा मला आग्रह झाला. वक्तशीर, निर्व्यसनी, नीटनेटके, टापटिपीचे. झाले चार. यातले शेवटचे दोन एकच आहेत, पण त्याहून जास्त सापडत नाहीत.

बाकीचं, म्हणजे तुम्ही आत्ता वाचलंत ते, छापायला देण्याआधी नलूवहिनींना फोनवर वाचून दाखवलं. शून्यांची गोष्ट इतक्या वर्षांत मी त्यांना सांगितली नव्हती. मला वाटलं, साहेबांची अशी सालटी काढलेली ऐकून त्या हसतील, आणि त्या हसण्यात माझंही जरा निभावेल. आजी झाले तरी लबाडी जात नाही.

त्या हसल्या नाहीत. त्यांच्याकडची केटली उकळत होती, ती त्यांनी बंद केल्याचं ऐकू आलं.

"दामल्यांना कशाला एवढं बोलतेस?" त्या म्हणाल्या. "त्यांना नुसत्या खोल्याच दिसायच्या गं. तुला तर मी दिसत होते."