खंडेनवमीची फ्लॉपी

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचे, जुन्या डॉसवर चालणाऱ्या मराठी पॅकेजवर. फ्लॉपीची कॉपी काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. ड्राइव्ह एकच, त्यामुळे मूळ फ्लॉपी आत, मग बाहेर, कोरी आत, पुन्हा मूळ. या अदलाबदलीत भलेभले मूळ फ्लॉपीच पुसून बसत. माझ्याकडून असं एकदाही झालं नाही, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

निवृत्त मास्तर असलेले माझे सासरे, म्हणजे बाबा, प्रूफं वाचायचे. कोलशेतच्या कोळी घरांतल्या पत्रिकांवर आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळं गणगोत असायचं. गिऱ्हाईक बजावून जायचं, "ताई, एक नाव गळलं ना, तर भर मांडवात रुसवाफुगवा!" मग बाबा शेजारी स्टूल ओढून एकेका नावावर बोट ठेवत वाचायचे.

विंडोज आलं तसं मीही ठरवलं, दसरा झाला की बदलायचं. मशीनवाला म्हणाला, "हार्ड डिस्क पूर्ण पुसावी लागेल. मराठीची ओरिजिनल फ्लॉपी आहे ना?"

"आहे की!" मी म्हटलं. पॅकेज नव्याने बसवायला ती मूळ फ्लॉपीच लागायची, कॉपी चालायची नाही.

खंडेनवमीला, ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. मी बाजारात गेलेली. बाबांनी मशीन पुसलं, झेंडू वाहिला, आणि ती फ्लॉपी पाकिटातून काढून तिला ओलं हळदकुंकू लावलं. पाच इंची फ्लॉपीला उघडी फट असते. बोट नेमकं तिथेच टेकलं. मी परत येऊन पाहिलं, तर आतल्या काळ्या चकतीवर कुंकू वाळलेलं. ड्राइव्ह नुसता खरखरला, फ्लॉपी काही वाचेना. आता मराठी उरली ती फक्त हार्ड डिस्कवर, आणि ती पुसली की तीही जाणार.

"बाबा, लहान पोरंसुद्धा तिथे बोट लावत नाहीत!" मी तडकून बोलले. ते उठून आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्टुलावर बसेनात. प्रूफ आत नेऊन दिलं तर म्हणाले, "नको गं, माझ्या हातून आणखी काही बिघडायचं." मला माझ्याच जिभेची लाज वाटली.

चौथ्या दिवशी मशीनवाला नवी सिस्टीम टाकायला आला. मी मुद्दाम आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "राहू दे. डॉसच बरं आहे. माझी मराठी त्यावर आहे, आणि बाबांना तीच अक्षरं वाचायची सवय आहे."

"मागे पडाल, मॅडम."

"पडेन."

तो गेला. थोड्या वेळाने बाबा चष्मा पुसत बाहेर आले आणि स्टुलावर बसले. छापायला निघालेल्या पत्रिकेवरून त्यांचं बोट सावकाश खाली सरकलं आणि थांबलं.

"मुलीच्या धाकट्या काकूचं नाव राहिलंय गं."

खरंच राहिलं होतं. चार दिवस ती पत्रिका मी एकटीच वाचत होते.