लाल बावटा आणि दिल्लीचे मामा

अख्ख्या देशाच्या सरहद्दींची काळजी ज्या थोड्या माणसांवर होती त्यांतले एक माझे मामा होते, आणि त्यांना चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी बिचकायला नको. इंग्रज निघून गेला तेव्हा दिल्लीच्या संरक्षण खात्यातल्या मोठमोठ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि नगरच्या बोर्डिंगात भाकरी-चटणीवर शिकलेला माझ्या आजोळचा हा शेतकऱ्याचा मुलगा त्यांतल्या एका खुर्चीवर जाऊन बसला. फौज कुठं ठेवायची, तोफांचा सराव कुठं करायचा, कोणत्या नियमानं करायचा, हे ठरवणं त्यांचं काम. बंदूक मात्र त्यांनी जन्मात हातात धरली नाही. आईनं त्यांना एकदा दुधापाशी बसवलं आणि ती विहिरीवर गेली. मामांनी काय करावं? मांजर कुठून कुठून येऊ शकतं याचा विचार करून त्यांनी मागचं दार लावलं, खिडकीला पाट लावला, उंबऱ्यात स्वतः पाठ टेकून बसले, तोंड बाहेर. मागं दूध उतू जाऊन चूल विझली. आई घागर घेऊन आली तर हे शांतपणे म्हणतात, "कृष्णे, मांजर आलं नाही." आई म्हणाली, "दादा, देश राखतोस म्हनं! मग दूध काय परमुलखातलं हुतं का रं?"

सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणं त्यांच्या खात्यातच बसत नसावं. "मामा, चहा टाकू का?" म्हटलं तर "विचार चालू आहे" म्हणायचे. आम्ही चहा करायचो, ते प्यायचे, पण हो म्हणून कधी म्हणाले नाहीत. एकदा आईबरोबर शेवगावच्या बाजाराला बैल घ्यायला गेले. वाटेतच तिला बजावून ठेवलं, की जो बैल आवडेल त्याच्याकडे चुकूनही बघायचं नाही, मालकाला आपला मनसुबा कळतो. मग दोघा बहीणभावांनी अख्खा बाजार इतका नीट बघितला, फक्त तो एक खिलारी सोडून, की परत वळले तोवर तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीमागं बांधलेला. आई त्यानंतर वर्षभर दर नांगरटीला त्या बैलाची आठवण काढायची.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांचं येणं. मामा कधी येणार हे ब्रह्मदेवालाही माहीत नसायचं. आगाऊ कळवायचं नाही, हा त्यांचा नेम. आई विचारायची, तर म्हणायचे, "मोठ्या कामावरच्या माणसाची हालचाल चार तोंडी होऊ नये." आई म्हणायची, "आमच्या गावाला चारच तोंडं हायेत, आन् चारी तुझ्या नात्यातली!" तरी नाहीच. उन्हातान्हात अचानक दारात उभे राहणार, आणि घरात असेल ते आनंदानं खाणार.

आमचं गाव नगरपासून बैलगाडीच्या वाटेवर, आणि त्या वाटेच्या मधोमध लष्कराचं तोफांच्या सरावाचं माळरान. सराव असला की टेकडीवर लाल बावटा चढायचा, वाट बंद. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरायची, त्यामुळं आम्हाला त्याचं काही वाटत नसे. ज्याला नगरला जायचं तो आधी जाई, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

माझं लग्न ठरलं ते मिरजगावच्या घरात, मांडव आमच्या दारी. मुहूर्त दुपारचा. आणि आदल्या दिवशी दवंडी आली, उद्या बावटा. वऱ्हाड मुक्कामालाच येऊन उतरलेलं, पाहुणे जमलेले, सगळे होते. नव्हते ते फक्त मामा, आणि त्यांना निरोप धाडावा तर ते दिल्लीत आहेत, गाडीत आहेत की नगरात, कुणाला ठाऊक? आमच्यात नवरीनं मामानं आणलेली पिवळी साडी नेसायची, मामानं हात धरून तिला बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभं राहायचं. मामाच नाही, तर साडी नाही आणि पाठही नाही.

सकाळपासून एकीकडं ताशा आणि एकीकडं तोफा. व्याही चेष्टा करत होते, "मामा लई मोठं दिसत्यात, सलामी चालू झाली!" इतक्यात वडील माळवदावरून ओरडले. माळरानाच्या पलीकडे बाभळीखाली एक गाडी उभी होती, आणि शेजारी धोतरावर विलायती टोपी घातलेला माणूस बसलेला. असा पेहराव मुलखात एकाचाच. आई वर चढली, पाहिलं, आणि तिथूनच हात करू लागली. मामांनीही हात केला. पण उठले नाहीत.

भटजी घाई करायला लागले. मी आत पाटावर बसलेली, डोळ्यांतलं पाणी खळेना. सगळ्यांचं म्हणणं एकच, एवढा मोठा अधिकारी, एक शब्द टाकला तर बावटा उतरेल. बावटा काही उतरला नाही. शेवटी आई खाली आली, पदर खोचला, आणि अंगणात बांगड्या भरायला आलेल्या मणियार चाचांना म्हणाली, "चाचा, उठा. दर भाऊबीजेला ओवाळते ते काय नुसतं ताट फिरवायला न्हाई." चाचा गडबडले. "अगं, पर मी…" "तुमी माजे भाऊ हाय का न्हाई?" "हाय की." "मंग तिचे मामा हाय." व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हातारे सासरे म्हणाले, "बाई म्हनती ते खरं." आईच्याच जुन्या पिवळ्या लुगड्यात, चाचांचा हात धरून मी बोहल्यावर गेले.

पंगती उठत आल्या तेव्हा बावटा उतरला आणि मामा आले. टोपी हातात, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, काखेत साडीचं पुडकं. त्यांच्या गाडीवानानंच सगळ्यांपुढं सांगितलं, "तिथल्या लष्करी सायबानं वळखलं की यांना! सलाम ठोकला, म्हनला, घटकाभर तोफा थांबवतो, जावा. तर हे म्हनत्यात, नको." सासऱ्यांना राहवलं नाही. "एका शब्दाचं काम हुतं की हो सायेब." मामा खाली बघत म्हणाले, "बावटा वर असताना कुणीही जायचं नाही, हुद्दा कोणताही असो, हा नियम मीच घातलाय. मी गेलो असतो तर आज हा गाडीवान माझ्या मागून आला असता. पुढच्या खेपेला तो एकटाच येईल, तोफा चालू असताना." त्यांच्या तोंडून इतकं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. आई मात्र वाढता वाढता एवढंच म्हणाली, "थांबलास ते बराबर केलंस, दादा. पर येतोय म्हनून कळवलं असतंस, तर बावट्याचा निरोप धाडला असता, आन् आदल्या दिशी नसता आलास?" मामांनी साडी माझ्या मांडीवर ठेवली, मग चाचांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या ताटातला एक लाडू उचलून खाल्ला.

माझ्या थोरल्याच्या बारशाला मिरजगावी तार आली. तार म्हटल्यावर घर घाबरलं. वाचली, तर मामा! कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीनं येतोय, नगरात कुणाकडे उतरतोय, सगळं सविस्तर. आणि शेवटी, बावट्याचं विचारून ठेवा. मिरजगावच्या वाटेवर कसला आलाय बावटा! पण आम्ही विचारून ठेवलं.

तेव्हापासून ते नेहमी कळवून येत. गेले ते मात्र कुणाला न कळवता, दिल्लीतच, झोपेत. बातमी आली तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. दूध वर येत होतं. तिनं ते उतरवलं, आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "एवढं एक तरी सांगायचं हुतंस, दादा."